जेवताना काळा चहा

राधा गेली त्या दिवशी दुपारी मी मशीनवर होतो. आमच्या कारखान्यात औषधांच्या बाटल्यांसाठी पुठ्ठ्याचे खोके कापतात. मशीन चालू असताना फोन घ्यायला मनाई आहे. जेवणाच्या सुट्टीत फोन बघितला तर राधाच्या नंबरवरून पुष्कळ कॉल येऊन गेले होते. परत लावला तर दुसरीच बाई बोलली.

"मी भाजीवाली बोलते दादा, स्टेशनजवळची. ताई इथे पडल्या. रिक्षात घालून दवाखान्यात नेलंय. लवकर या."

मी विचारलं, शुद्धीवर आहे का. ती म्हणाली, "तुम्ही या ना दादा आधी."

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने मला बसायला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मला कळलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं तो म्हणाला. आणखीही बरंच काही म्हणाला, ते माझ्या लक्षात नाही.

दीप्ती आमची एकुलती एक मुलगी, कॉलेजला जाते. तिला फोनवर सांगणं माझ्याने झालं नाही. मी घरी गेलो तर ती आधीच आली होती आणि कुकर लावत होती.

"पप्पा, तुम्ही लवकर कसे? आईचा फोन कोण उचलतंय? कोणीतरी बाई बोलली आणि कट केला."

मी सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. रडली नाही. संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलं. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली. सगळ्यांनी तिला घास भरवायचा प्रयत्न केला, पण तिने तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं.

दुसऱ्या कोणाची मुलगी जेवत नसती तर चार दिवसांनी भूक लागून जेवली असती. दीप्तीचं तसं नाही. तिला जन्मापासून थॅलेसेमिया आहे. त्यातला मधला प्रकार. काही मुलांना दर महिन्याला रक्त चढवावं लागतं, तसं तिला लागत नाही. लहानपणी मोठा ताप आला तेव्हा आणि बारावीच्या वर्षाला, एवढंच चढवलं. पण हिमोग्लोबिन कायम कमी. चेहरा पिवळट, गालाची हाडं वर आलेली. जिने चढताना मध्ये थांबते. रस्त्यात ओळखीची बायका-माणसं भेटली की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय गं, किती वाळलीस, खात नाहीस का?"

खरी गंमत इथेच आहे. म्हणजे गंमत नाही, पण राधा तसं म्हणायची. लोकांना वाटतं रक्त कमी म्हणजे लोह कमी. दीप्तीत लोह जास्त आहे. आमच्या डॉक्टर रेवतीबाईंनी आम्हाला ती लहान असतानाच समजावलं होतं. तिच्या रक्तपेशी नीट तयार होत नाहीत, लवकर फुटतात. शरीराला वाटतं रक्त कमी पडतंय, म्हणून आतडं जेवणातलं लोह ओढून ओढून घेतं. पण त्या लोहाचं रक्त होत नाही. ते यकृतात जाऊन बसतं, पुढे हृदयातही बसू शकतं. आपल्या शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाटच नाही. त्यामुळे आत जाताना अडवायचं, हा एक उपाय.

ते अडवायचं काम राधाने अंगावर घेतलं. ती आठवी शिकलेली, पण एकदा ऐकलेलं विसरायची नाही. बाईंनी सांगितलं की चहा लोहाला धरून ठेवतो, आतड्याला घेऊ देत नाही. मग आमच्या घरात जेवताना काळा चहा सुरू झाला. बिनदुधाचा, कडक. दीप्तीला एकटीला वेगळं वाटू नये म्हणून तिघांच्या ताटाशेजारी तीन पेले. दूध-दह्यानेही लोह थोडं कमी शोषलं जातं, म्हणून ताटात दही. लिंबू, आवळा, संत्रं, पेरू यांच्यामुळे लोह जास्त ओढलं जातं, म्हणून जेवणात यातलं काही नाही आणि पोह्यांवर लिंबू नाही. फळं बंद केली नव्हती. ती दुपारी चारला, पोट रिकामं असताना, नुसती. कलेजी घरात यायची नाही. माहेरहून आलेली लोखंडी कढई राधाने देऊन टाकली.

पाहुणे हसायचे. जेवताना चहा बघून माझा साडू म्हणायचा, "ताई, भातावरच ओता की!" राधा म्हणायची, "तुम्हाला पाहिजे तर ओतते, भाऊजी." आणि खरंच किटली उचलायची.

दर तीन महिन्यांनी लोहाची तपासणी असायची. वर्षानुवर्षं आकडा थोडा वर, थोडा खाली, पण बाईंनी घालून दिलेल्या हद्दीत राहिला. लोह काढायच्या गोळ्या सुरू कराव्या लागल्या नाहीत. त्या गोळ्यांनी किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, पोट बिघडतं, सारख्या तपासण्या कराव्या लागतात. राधाला त्या जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेवायच्या होत्या.

जलदानविधी झाला, माणसं पांगली. माझी मोठी बहीण रत्नप्रभा, आम्ही तिला अक्का म्हणतो, ती थांबली. ती जालन्याकडे खेड्यात राहते. आमची आई लवकर गेली, मला अक्कानेच वाढवलं. ती म्हणाली, "लेकरू जेवायला लागंस्तोवर मी हलत नाही."

आणि दीप्ती तिच्या हातचं जेवली. अक्काने पहिल्याच आठवड्यात बाजारातून लोखंडी कढई आणली. तिच्यात अंबाडीची भाजी केली, आंबट, लसणाची फोडणी दिलेली. भाजी रात्रभर कढईतच ठेवली. सकाळी ती काळी झाली होती. त्याबरोबर बाजरीची भाकरी आणि लिंबाची फोड. दीप्तीने दीड भाकरी खाल्ली. मी दारात उभा राहून बघत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मुलगी जेवत होती. आणि भीतीही वाटली, कारण ती काय जेवत होती ते मला कळत होतं.

मी आत जाऊन चहा टाकला. गाळून पेला दीप्तीच्या ताटाजवळ ठेवला. अक्काने तो उचलून ओट्यावर नेऊन ठेवला.

"आरं अंबादास, लेकरू हळदीवानी पिवळं पडलंय, अन् तू तिला काळं पाणी पाजतूस?"

"अक्का, तिला ते लागतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कोन डॉक्टर जेवताना चहा पी म्हन्तो? आमच्या गावची नर्सबाई तर वरडती, जेवल्यावर चहा पिऊ नगा, रक्त होत न्हाई."

"तुमच्या नर्सबाईचं बरोबर आहे. पण हिचं वेगळं आहे. हिच्या अंगात लोह साठतं."

"लोखंड साठायला ती काय भंगाराचं दुकान हाय व्हय रं?"

दीप्ती हसली. राधा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. तोंडात घास होता, तिला ठसका लागला. अक्काने तिच्या पाठीवर हात फिरवला. मी पेला परत आणला नाही. त्या हसण्यासाठी मी काहीही सोसलं असतं.

पण एक दिवस सोसणं वेगळं आणि रोज सोसणं वेगळं. अक्का सकाळी आवळ्याचा रस द्यायची. दुपारी बीट, त्यावर लिंबू. संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. एखाद्या रविवारी कलेजी. मी रोज काहीतरी बोलायचो आणि अक्का रोज मला उडवून लावायची. मी रागाने बोललो की तिचे डोळे भरायचे. शेजारणी यायच्या आणि म्हणायच्या, "आत्या आल्यापासून दीप्तीच्या तोंडावर तजेला आला हो." एक दिवस मी कामावरून आलो तर अक्का त्यांना सांगत होती, "आमची राधा मनानं चांगली हुती. पण असलं उलटं खाऊ घालून तिनंच पोरीला सुकवलं. मेलेल्या मानसाला नावं ठिवू नये, पण खरं ते खरं."

शेजारणी माना डोलवत होत्या. मी चपला काढून आत गेलो आणि म्हणालो, "अक्का, राधाबद्दल असं बोलायचं नाही." ती म्हणाली, "मी काय वाईट बोल्ले?" शेजारणी उठून गेल्या.

पुढच्या रविवारी अक्का विहारात गेलेली असताना मी दीप्तीला विचारलं. ती काही लहान नाही. आजाराबद्दल माझ्यापेक्षा जास्त तिला माहीत आहे. डॉक्टरांशी इंग्रजीत तीच बोलते.

"तू अक्काला का नाही सांगत? तुझं ती ऐकेल."

ती मोबाईल बघत होती. "मला आवडतं तिचं जेवण."

"आवडतं म्हणून? लिंबू, आवळा, कलेजी? तुला माहीत नाही का काय होतं?"

"माहीत आहे ना पप्पा. सगळं माहीत आहे. लिव्हर, हार्ट, सगळं."

"मग?"

तिने मोबाईल उलटा ठेवला. "तुम्ही चहा आणून ठेवता ना ताटाजवळ, तेव्हा मला वाटतं आई आता दह्याची वाटी घेऊन येईल. रोज वाटतं. मग घासच उतरत नाही. दही बघितलं तरी तसंच. आपल्या घरात जे काय शिजतं ते सगळं आईचं आहे. आत्याचं जेवण आईचं नाही, म्हणून जातं पोटात. मी काय करू? तुम्ही सांगा, काय करू?"

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात तपासणी आहे."

"जाऊ या," ती म्हणाली.

तपासणीला आम्ही दोघं गेलो. आधी राधा न्यायची, मी कामावर असायचो. रेवतीबाईंनी आधी राधाबद्दल विचारलं, मी सांगितलं. मग रिपोर्ट बघितला. आकडा मागच्यापेक्षा बराच वर होता.

"चहा चालू आहे ना जेवताना?" त्यांनी विचारलं.

मी दीप्तीकडे बघितलं. ती म्हणाली, "नाही मॅडम. बंद आहे. आणि मी लिव्हर खाल्लं. दोनदा. आणि आयर्नच्या कढईतलं."

"का?"

"भूक लागत नव्हती. ते खाता येत होतं."

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे बघ, दोन-अडीच महिन्यांच्या जेवणाने एवढा फरक पडतोच असं नाही. सर्दी-ताप असला तरी हा आकडा वाढतो. पण चुकीच्या बाजूला चाललाय हे नक्की. यकृताचा एमआरआय करू. त्यात साठलेलं दिसलं तर गोळ्या सुरू कराव्या लागतील." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चहा म्हणजे काही जादू नाही. गोळ्या लागायच्या असतील तर चहा पिऊनही कधीतरी लागतील. पण तुमच्या मिसेसनी इतकी वर्षं त्या लांब ठेवल्या, हे मी माझ्या दुसऱ्या पेशंटना सांगते."

मी विचारलं, "माझी बहीण म्हणते गावची नर्स उलटं सांगते."

"नर्स बरोबर सांगते. ज्या बाईला खरंच लोह कमी आहे तिने जेवणाबरोबर चहा पिऊ नये, लिंबू-आवळा जरूर खावा, लोखंडी कढई वापरावी. तुमच्या बहिणीचं सगळं ज्ञान बरोबर आहे. फक्त या मुलीसाठी नाही."

रिक्षात बसल्यावर दीप्ती म्हणाली, "आत्याला ओरडू नका हां पप्पा." मी हो म्हटलं.

घरी आल्यावर अक्काने विचारलं, "काय म्हनला डॉक्टर? वाढलं का रक्त?"

मी म्हटलं, "रक्त वाढलं नाही. लोखंड वाढलं. अक्का, आजपासून ही भाजी, कलेजी, आवळा बंद. कढई मी कोणाला तरी देऊन टाकतो."

ओरडलो नव्हतो. पण अक्का पांढरी पडली. तिने पदराला हात पुसले.

"म्हंजी मी लेकराला विष घालत हुते?"

"तसं कोण म्हणतंय?"

"तूच म्हन्तोस की. येवढ्या दिसात तू जेवलास ते बी माझ्याच हातचं. तवा न्हाई म्हनलास विष हाय म्हून."

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, अक्का."

"सांगतोस! बायकोचं ऐकून सांगतोस. तिला तिकडं जाऊन दोन म्हयने झाले, तरी तिचंच चालतंय हितं."

"हो," मी म्हणालो, "तिचंच चालणार. तिने मुलगी जगवलीय."

हे वाक्य बोललो आणि मला ते परत घ्यावंसं वाटलं. अक्का खाली बसली. आमच्या अक्काला एकच मुलगी होती, जानकी. पहिल्या बाळंतपणात गेली. अंगात रक्त नव्हतं, तालुक्याला नेईपर्यंत रक्तस्राव थांबला नाही. नर्सबाईने तिला सहाव्या महिन्यापासून सांगितलं होतं, पालेभाज्या, गूळ, लिंबू, आवळा, गोळ्या. जानकीच्या सासरी त्यातलं काही पाळलं नाही. अक्काला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर गावात कोणाची सून पोटुशी असली की अक्का तिच्या घरी आवळे घेऊन जाते. हे मला माहीत होतं. आणि तरी मी तेच वाक्य बोललो.

"माझ्या जानकीला हेच खाऊ घालायचं हुतं रं," ती म्हणाली. "नर्सबाईनं सांगितलं हुतं. हेच."

दीप्ती तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आत्या, मला आवडलं गं तुझं सगळं. खरंच."

"आवडून काय उपेग," अक्का म्हणाली. "बाधलं न्हवं."

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. मी थांब म्हटलं, दीप्तीने म्हटलं. ती थांबली नाही. भांडून गेली असती तर बरं वाटलं असतं. तिने दीप्तीच्या तोंडावरून हात फिरवला, मला म्हणाली, "जेवत जा येळंवर." मी बसपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ती एसटीच्या गर्दीबद्दल बोलली, गावातल्या पाण्याबद्दल बोलली. कढई घरीच राहिली. ती मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिली. त्यांच्या सुनेला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. त्यांना मी सांगितलं, गोळी चहाबरोबर घेऊ देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं, कारण आमच्या घरचा चहा त्यांना माहीत होता.

आता स्वयंपाक मी करतो. मला फार येत नाही. भात, जाडसर भाकरी, आमटी, एखादी भाजी, अंडी. राधा ज्या क्रमाने ताट मांडायची त्या क्रमाने मी मांडत नाही. दही वाटीत देत नाही, भातातच कालवून देतो. चहा पेल्यात न देता स्टीलच्या ग्लासात देतो, आणि ताटाजवळ न ठेवता मधोमध ठेवतो, कोणी कुठलाही घ्यावा. हे सगळं दीप्तीनेच सुचवलं. म्हणाली, "असं करून बघू या. जमलं तर जमलं." काही दिवस ग्लास अर्धा संपतो, काही दिवस तसाच राहतो. काल ती म्हणाली, "काय पप्पा, किती कडू केलाय, वाट लागली तोंडाची." आणि तरी प्यायली. पण जेवण अजून कमीच आहे. अक्का होती तेव्हा ती दीड भाकरी खायची, आता पाऊण खाते. वजन उतरलंय. कधी कधी मी ताटाकडे बघतो आणि मनात येतं, एक दिवस ती अंबाडीची भाजी करावी, एक दिवसाने काय होतंय. मग नाही करत. बरोबर करतोय की चूक, ते मला खरंच माहीत नाही. राधाला विचारलं असतं.

एमआरआयची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. तोवर काही कळणार नाही. कळल्यावरही गोळ्या सुरू करायच्या की नाही हे दीप्ती आणि मी मिळून ठरवायचं आहे, आणि ते कसं ठरवतात हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नाही.

अक्का पोचल्याचा फोन गावातल्या तिच्या शेजाऱ्यांच्या मुलाकडून आला. दीप्ती तिच्याशी बोलते. "आत्या, जेवलीस का?" एवढंच विचारते, आणि अक्का तिकडून तेच विचारते. मी मात्र बोललेलो नाही. मला तिला सांगायचं आहे की रेवतीबाई म्हणाल्या, तुझं सगळं बरोबर होतं. पालेभाजी, लिंबू, आवळा, कढई, सगळं जानकीसाठी बरोबर होतं. ज्यांनी ते तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही त्यांची चूक होती, तुझी नव्हती. हे त्या दिवशी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. मी फोन हातात घेतो आणि दीप्तीला देतो. अक्काला ते अजून सांगितलेलं नाही.